ईयोबाच्या दहा मुलांची आई



मुलं हा प्रश्न घरच्या प्रार्थनेच्या वेळी विचारत नाहीत. स्कूटरवर मागे बसल्यावर विचारतात, मटार सोलताना विचारतात, दिवा मालवल्यावर अंथरुणातून विचारतात. "आपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती ना? मग प्रभूनं का नाही ऐकलं?" आणि आपली बोलती बंद होते. कारण हाच प्रश्न आपल्याही घशात अडकलेला असतो. फक्त मंडळीत आपली उठबस असते, पाळकसाहेबांची घरी ये-जा असते, त्यामुळे तो बाहेर काढायची सोय नसते.

रविवारच्या शाळेत मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. दुःखाच्या घरी जाणं हा त्या कामाचाच भाग, आणि तिथं माझं लक्ष मोठ्यांपेक्षा पोरांकडे जास्त असतं. मोठ्यांचे हात धरायला माणसं असतात. पोरं मात्र दाराशी चपलांच्या ढिगापाशी, जिन्यात, नाहीतर शेजाऱ्यांकडे टीव्हीसमोर बसवलेली असतात. त्यांना काही कळत नाही असं धरून सगळे बोलत असतात, आणि त्यांच्या कानातून एक अक्षर सुटत नसतं.

एका घरी तान्ही मुलगी न्यूमोनियानं गेली. थोरला दुसरीत. येणारा प्रत्येक जण त्याच्या आईला तेच सांगत होता, की प्रभूला गोड माणसं आवडतात म्हणून तो त्यांना लवकर नेतो. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकांवरही हेच छापलेलं असतं. पुढं शाळेतून तक्रारी यायला लागल्या. पोरगा वह्या फाडतो, शेजारच्याला चिमटे काढतो, बाईंना उलटून बोलतो. आईनं एके रात्री जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाला, "मी चांगला वागलो तर मलापण नेईल ना तो." पोराचं तर्कशास्त्र चोख होतं. त्याच्या कानावर जे पडलं होतं, त्यातून दुसरं काही निघतच नव्हतं.

आपण बोलतो ते सांत्वन म्हणून. पण मुलं ते देवाचं वर्णन म्हणून ऐकतात, आणि मग त्या देवाबरोबर त्यांना आयुष्य काढायचं असतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याचं कारण आपल्याला ठाऊक नाही, त्याचं कारण मुलांना सांगू नका. कारणावाचून विश्वास कोसळेल अशी भीती वाटते, ती खोटी आहे. मी जे विश्वास मोडताना पाहिले ते बहुधा चुकीच्या कारणांपायी मोडलेले होते.

अलीकडे आपल्याकडे सगळ्यांत जास्त ऐकू येणारं कारण म्हणजे "विश्वास कमी पडला." चंगाई सभांचं पेव फुटल्यापासून तर फारच. आजारी लेकराला मांडीवर घेऊन आई शामियान्यात रात्र काढते, तेलाचा अभिषेक होतो, डोक्यावर हात ठेवले जातात, आणि ताप उतरला नाही की पुढच्या खेपेला तिलाच विचारलं जातं, "ताई, मनात कुठं शंका होती का?" लेकरू गेल्याच्या दुःखावर ते आपल्यामुळे गेल्याचं ओझं. याहून निर्दय वाक्य मला ठाऊक नाही. ते बोलणारा माणूस प्रार्थनाशील असो, गोड गळ्याचा असो, त्याला त्या क्षणी उठून दार दाखवावं, अशा मताची मी आहे. आणि औषध थांबवायला सांगत असेल तर चहासुद्धा विचारू नये. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभारलं, ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. आपल्या आज्या-पणज्या ज्या मिशन हॉस्पिटलांत परिचारिका झाल्या, तिथं सकाळची उपासना आणि सकाळचं इंजेक्शन यांत कधी भांडण नव्हतं.

दुसरं कारण जुनं आहे: पापाचं फळ. शेजारी पूर्वजन्माचं म्हणतात, आपले लोक याच जन्मातलं लपलेलं पाप शोधतात, एवढाच काय तो फरक. मतिमंद किंवा अपंग मूल असलेल्या आईबापांनी तर हे जन्मभर ऐकलेलं असतं. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय मुलांसमोर मोठ्यानं वाचावा. जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते याच्या पापामुळे की याच्या आईबापांच्या? माणूस समोर उभा आहे, त्याला कान आहेत, तरी त्याच्यादेखत त्याची चर्चा चालू आहे. येशू दोन्ही पर्याय मोडीत काढतो. ना यानं पाप केलं, ना याच्या आईबापांनी. मग तो थुंकीनं चिखल करतो आणि कामाला लागतो. पुढं देवाची कार्यं प्रकट होण्याविषयी तो जे म्हणतो, त्यावर पंडितांनी पुष्कळ लिहिलं आहे. तेवढंच वाक्य उचलून कुणी तुमच्या घरी येऊन "तुमचं मूल देवाच्या गौरवासाठी असं आहे" म्हणालं, तर आपण नुसतं हूं म्हणावं. त्या प्रसंगी ते वाक्य बोलणारा लगेच त्या माणसाला बरं करणार होता. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्याच्या हातात तसं काही नसतं.

आता ईयोबाकडे येते. संडे स्कूलमध्ये ईयोब शिकवायची पद्धत ठरलेली आहे. पहिले दोन अध्याय, मग थेट बेचाळिसावा. गुरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले, तरी त्यानं देवाला दोष दिला नाही, म्हणून सगळं दुप्पट मिळालं. मुलांना गोष्ट आवडते. पण मधले जवळजवळ चाळीस अध्याय कुठं गेले? त्या अध्यायांत ईयोब गप्प नाही. जन्मदिवसाला शिव्या घालतो, देवानं समोर यावं आणि खटला चालवावा असं आव्हान देतो, आपला काही अपराध नाही हे शेवटपर्यंत धरून बसतो. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांचं उत्तम झालं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. ते जे बोलतात ते एकेक वाक्य सुटं काढून कोणत्याही व्यासपीठावरून प्रवचनात घालता येईल, इतकं धार्मिक आहे. देव न्यायी आहे, म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं असणार, पश्चात्ताप कर. आणि शेवटी वावटळीतून बोलणारा देव कुणावर रागावतो? या तिघांवर. माझ्याविषयी हे नीट बोलले नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असा निवाडा तो देतो. तक्रार करणारा बरोबर, आणि देवाची वकिली करणारे चूक. हे मुलांना सांगितलंच पाहिजे.

आणखी एक. देव बोलतो, पण कारण सांगत नाही. रानबकरी, शहामृग, गारांची कोठारं, समुद्राची दारं, सगळ्यांविषयी बोलतो आणि ईयोबाची मुलं का मेली याविषयी एक शब्द नाही. वाचक म्हणून मला पूर्वी याचा राग यायचा. आता वाटतं, कारण मिळालं असतं तरी त्याचं ईयोबानं काय केलं असतं? कुठलं कारण दहा लेकरांपुढं तोलून धरता आलं असतं?

त्या दहा जणांना आईही होती. तिला त्या पुस्तकात नाव नाही. एका वाक्यापुरती ती येते, देवाला शाप दे आणि मर म्हणते, आणि तेवढ्यावर कित्येक शतकं प्रवचनकारांनी तिला झोडपलं आहे. सैतानाची हस्तक, कजाग बायको, काय काय म्हटलं. पण हिशेब तर बघा. ईयोबाचं जे गेलं ते सगळं तिचंही गेलं. दहाही पोटं तिनं वाहिली होती. वरून राखेत बसून खापरानं अंग खाजवणारा नवरा तिच्यासमोर. सात दिवस जमिनीवर बसायला तिच्याकडे कुणी मैत्रीण आल्याची नोंद नाही. ईयोब तिला मूर्ख बायांसारखं बोलतेस म्हणाला, ते नवरा-बायकोमधलं. देवानं मात्र शेवटी फटकारलं ते तीन मित्रांना. तिच्याबद्दल त्यानं चकार शब्द काढलेला नाही. दुःखात जिच्या तोंडून भलतंसलतं निघालं, अशा कुठल्याही आईनं हे लक्षात ठेवावं.

शेवटच्या अध्यायात मेंढरं सात हजारांची चौदा हजार होतात, उंट तीन हजारांचे सहा हजार. मुलं मात्र पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली, दुप्पट नाहीत. जुने उपदेशक सांगत की पहिली दहा देवाजवळ आहेतच, म्हणून नव्या दहांनी दुप्पट झालीच. मला हे स्पष्टीकरण आवडतं, कारण त्यात पहिल्या दहांची गणती सुटत नाही. मूल गमावलेल्या बाईला "दुसरं होईल गं" म्हणणाऱ्यांनी तेवढी तरी आकडेमोड करावी.

आपल्या मराठी मंडळ्यांत दुःखातल्या विश्वासाचं उदाहरण म्हणून पंडिता रमाबाईंचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं. पण तेही आपण सोयीनं सांगतो. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उपास, तीर्थयात्रा, दानधर्म, सगळं करून झालं होतं आणि कुणी धावून आलं नाही, हे रमाबाईंनी 1907 च्या आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. भाऊ श्रीनिवास बरोबर पायपीट करत राहिला, तोही 1880 मध्ये गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, मनोरमा झाली, आणि ती वर्षाची व्हायच्या आत 1882 मध्ये पटकीनं नवरा गेला. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. इथपर्यंत आलो की व्यासपीठावरचा माणूस खुलतो. आधी दुःख, मग ख्रिस्त, मग सुख, असा सरळ हिशेब त्याला मांडता येतो.

रमाबाईंचं पुढचं आयुष्य तो हिशेब टिकू देत नाही. केडगावची मुक्ती उभी राहिली, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तिथं वाढल्या, शिकल्या. मनोरमा आईचा उजवा हात झाली, हे सगळं पुढं तीच सांभाळणार असं जणू ठरलेलं होतं. आणि 1921 च्या जुलैत ती चाळिशीत गेली. म्हणजे पोटच्या मुलीचा मृत्यू रमाबाईंना आला तो ख्रिस्ती होऊन अडतीस वर्षं झाल्यावर, हजारो प्रार्थनांनंतर. त्यांना ऐकू येणं कधीच कमी झालं होतं, तब्येत खालावली होती. हातात बायबलचं भाषांतर होतं, हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः केलेलं, मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्याच बायका-मुलींनी खिळे जुळवून छापलेलं. ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. ईयोबाचं पुस्तक, विलापगीत, स्तोत्रं, सगळी त्यांच्या हाताखालून शब्दाशब्दानं गेलेली. हे मुलांना सांगताना "बघा, त्या रडल्या नाहीत" असं पदरचं घालू नका. त्या किती रडल्या हे आपण बघायला नव्हतो.

असंच दुसरं नाव ग्लॅडिस स्टेन्स यांचं. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला नवरा ग्रॅहॅम, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा तिमथी यांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारलं. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदाच्या कुष्ठरोग्यांमध्ये काम चालू ठेवलं. तेरा वर्षांची मुलगी एस्तेर त्यांच्याबरोबर होती. ही क्षमा थोर आहे, पण ती त्यांची आहे. बापाचा जीव घेणाऱ्या ट्रकवाल्याबद्दल तुमचा मुलगा दात-ओठ खात असेल, तर त्याच्यापुढं हे उदाहरण छडीसारखं धरू नका.

मग मुलांना द्यायचं काय?

स्तोत्रसंहितेतलं तेविसावं स्तोत्र आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. मेंढपाळ, हिरवी कुरणं, संथ पाणी. त्याच्या अगदी आधीचं, बाविसावं, एकाही मुलाला ठाऊक नसतं. त्याची सुरुवात म्हणजे देवानं टाकून दिल्याचा आक्रोश. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आला तो हाच आक्रोश. उत्तम शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेत सात उद्गारांवर प्रवचनं होतात, चौथ्या उद्गारापर्यंत मुलं पेंगुळलेली असतात किंवा बाहेर पाणी प्यायला गेलेली असतात. तेवढ्या वेळी त्यांना जवळ बसवा. घरी महिन्यातून एखाद्या संध्याकाळी बाविसावं वाचा आणि मग तेविसावं. दीडशे स्तोत्रांतला तिसरा हिस्सा तरी गाऱ्हाणी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या मुलाला देवाकडे गाऱ्हाणं करता येतं हे लहानपणीच कळलं, त्याला पुढं रागावल्यावर देव सोडून जावं लागत नाही. रागावूनही तो त्याच घरात राहू शकतो.

"आपण मागितलं तरी आजी का गेली?" याला "मला माहीत नाही. मीही हेच मागितलं होतं" एवढं उत्तर पुरतं. त्याला जोडून गेथशेमाने बागेची गोष्ट सांगा. येशूनं बापाकडे मागितलं होतं की हा प्याला टळू दे, आणि तो टळला नाही. म्हणजे नाकारलेली प्रार्थना ही आपल्या विश्वासाच्या परसदारी लपवलेली लाजिरवाणी गोष्ट नाही, ती ऐन मध्यभागी आहे. पुनरुत्थानाची आशा सांगायची, जरूर सांगायची, पण डोळे पुसायला लावण्यासाठी नाही. लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार हे येशूला ठाऊक होतं, आणि तरी तो त्याच्या कबरीकडे जाताना रडला. त्याच्या आधी मार्था आणि मरिया दोघींनी त्याला तोंडावर सुनावलं होतं, की तू वेळेवर आला असतास तर भाऊ वाचला असता. त्यानं कुणालाही गप्प केलं नाही.

लहानग्यांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून करा. सहा-सात वर्षांच्या मुलाला मनातून वाटत असतं की आपल्यामुळेच हे झालं. "मी बाळाचा राग केला होता," "मी बाबांना जा म्हणालो होतो." हे ते आपणहून सांगत नाही. तुम्हीच विचारा, आणि स्पष्ट सांगा की रागावल्यानं कुणी मरत नाही.

मुलांना कबरस्तानात न्यावं की नाही, हे नेहमी विचारलं जातं. यायचं म्हणत असेल तर न्यावं, पण आधी सगळं सांगून. पेटी असेल, खड्डा असेल, दोर लावून पेटी खाली सोडतील, सगळे मूठमाती देतील, माती पेटीवर पडताना आवाज होईल, आई मोठ्यानं रडेल. त्याच्याबरोबर एखादी मावशी किंवा मामा ठेवा, ज्याला स्वतःला सावरता येतंय असा. मूठमाती द्यायची नसेल तर हात धरून ओढू नका.

आणि वयात आलेली मुलं. "हा आता चर्चला येतच नाही" ही तक्रार मला जवळजवळ प्रत्येक अशा घरात ऐकू येते, बहुधा मुलगा आतल्या खोलीत असताना आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. नका आणू त्याला ओढून. वाद तर मुळीच घालू नका. देवाच्या बाजूनं बोलता बोलता आपण कधी अलीफज होऊन बसतो, कळत नाही. त्याला काम द्या. गल्लीत कुणाचं माणूस गेलं, चूल बंद आहे, तर पिठलं-भाकरीचा डबा त्याच्या हाती पाठवा. आजीच्या कबरीवरचं गवत काढायला त्याला बरोबर घ्या, तिथं प्रार्थना करायलाच हवी असं नाही. गेलेल्या भावंडाचा वाढदिवस आला की घरात त्याचं नाव निघू द्या. आपल्याकडे नाव काढलं की रडू येईल म्हणून सगळे ते टाळतात आणि पोरांना वाटतं, विसरले. आणि रात्रीच्या प्रार्थनेत "प्रभो, आमच्या लेकाला परत आण" हे मोठ्यानं म्हणू नका. त्याला ती प्रार्थना वाटत नाही, बोलणी वाटतात. ते झोपताना मनातल्या मनात म्हणा. त्याच्यादेखत म्हणायचंच असेल तर स्वतःपुरतं म्हणा, की प्रभो, मला तुझा राग आला आहे, आणि उद्या सकाळी पुन्हा बोलू.